मिक्सिंगवाल्या परवीनभाभी

आष्ट्याच्या बाजारपेठेतून मागच्या गल्लीत वळलं, की एका माडीच्या घरावर ‘कुतुब व्हिडिओ’ अशी पाटी अजून आहे. पाटीवर रंगवलेला कॅमेरा लांबून शिलाई मशीनसारखा दिसतो, आणि नवी माणसं ब्लाउज शिवायला म्हणून वर येतात. परवीनभाभी त्यांना हसून खाली पाठवतात आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसतात.

परवीन शिकलगार मूळच्या मिरजेच्या. बारावी होऊन लग्न झालं आणि ब्याण्णव साली आष्ट्यात आल्या. कुतुबुद्दीनचे वडील विळे-कोयत्यांना धार लावायचे. कुतुबुद्दीनने मात्र खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि वाळवा-शिराळ्याची लग्नं काढायला लागला. शूटिंग त्याचं उत्तम, पण मिक्सिंग सांगलीला करून आणावं लागायचं. तिथे नंबर लागायला महिनेच्या महिने जायचे, तोवर नवरी दिवाळीच्या माहेरपणाला येऊन परतसुद्धा जायची. एकदा असाच तो वैतागून घरी आला तेव्हा परवीन म्हणाली, “मी करू काय? दोन मशिनी आणि मधी एक डबा, एवढंच तर हाय.”

तो डबा म्हणजे मिक्सर. आठ दिवस तो हाताळून तिने पहिलं लग्न पुरं केलं. नको तिथला भाग काढायचा, मंगलाष्टकांना वाजंत्री जोडायची, नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवायचं, हे तिला इतकं जमलं की लोक येऊन सांगायचे, “कुतुबभाई, तुमच्यावानी मिक्सिंग सांगलीतबी न्हाई.” कुतुबुद्दीन म्हणायचा, “माझं न्हवं, घरातलं हाय.” लोकांना तो विनय वाटायचा.

मग मोबाइल आले, ड्रोन आले, लग्नाआधीच डोंगरावर जाऊन शूटिंग करायची पद्धत आली. कुतुबुद्दीनने कॅमेरा कपाटात ठेवला आणि माडीखालच्या गाळ्यात टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं काम सुरू केलं. त्यात त्याचं मन रमलं. परवीनचं मिक्सिंग थांबलं ते थांबलंच.

ते पुन्हा सुरू झालं त्यांच्या मुलीमुळे. रुक्सार पुण्याला नोकरीला गेली, तिने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आईबापांकडे आणून ठेवला. घरी एक कॅसेट होती, रुक्सारच्या बिस्मिल्लाची. चार वर्षांची रुक्सार हिरव्या घागऱ्यात मौलवीसाहेबांसमोर बसून पहिलं अक्षर म्हणते, आणि लगेच लाडू मागते. परवीनला ती कॉम्प्युटरवर घ्यायची होती. कुतुबुद्दीनने व्हीसीआर दुरुस्त करून जोडून दिला. पण पडद्यावर जे उमटलं ते बघवेना. रंग विटलेले, सगळीकडे वाळू उडाल्यासारखे ठिपके, आणि पोरगी जरा हलली की तिच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा.

रुक्सारने फोनवर सांगितलं, “अम्मी, याला फिल्टर असतात. एक रेघा घालवतो, एक ठिपके घालवतो, एक रंग आणतो. कुठला आधी लावायचा ते महत्त्वाचं.”

“म्हणजे मसाल्यासारखं.”

“तसंच समज.”

परवीन पन्नाशीला टेकलेली. हिंदीतले व्हिडिओ बघून, वहीत लिहून घेऊन तिने ते शिकून घेतलं. सकाळचं घरकाम आटोपलं की दहा ते दोन तिचे. महिनाभराने रुक्सारच्या घागऱ्याचा हिरवा रंग परत आला, आणि कुतुबुद्दीन गाळा तसाच उघडा टाकून वर बघायला धावला. त्या दोघांनी ते एवढ्या वेळा बघितलं, की खालचं एक गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. आष्ट्यात घराघरांत कॅसेटी होत्या, फक्त त्या लावायला मशीन कुठेच उरलं नव्हतं. लोक पिशव्या भरभरून आणायला लागले. कुतुबुद्दीन कॅसेट उघडून बुरशी पुसायचा, परवीन पुढचं सगळं करायची. आणि मग तिला तो चेहऱ्याचा फिल्टर सापडला. कितीही अंधूक चेहरा असो, तो लावला की डोळे, भुवया, ओठ सगळं लख्ख. बायका खूश झाल्या. एक जण म्हणाली, “भाभी, माझ्या लग्नात मी एवढी देखणी हुते, हे मलाच ठावं नव्हतं!” परवीनला त्या फिल्टरची चटकच लागली. प्रत्येक कामात ती तो लावू लागली.

अशात एक दिवस सुभेदार लालासाहेब पाटील आले. सैन्यातून निवृत्त, शिराळ्याच्या अलीकडच्या एका वाडीवर शेती. पाठ अजून ताठ. त्यांनी स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.

“भाभी, ही माझ्या भनीच्या लग्नाची कॅसेट. अंजनाची. चौऱ्याण्णवचा मे. शूटिंग कुतुबभाईचंच हाय. मी तवा नागालँडात हुतो, सुट्टी मिळाली न्हाई. आन त्याच सालच्या थंडीत आई गेली. तार पोचून मी येस्तवर सगळं उरकलं हुतं.”

“बसा की हो.”

ते बसले. “आईचा फोटो घरात एकबी न्हाई. फोटोवाला आला की ती पदर वढायची. निवडणुकीचं कार्ड निघायच्या आदीच गेली. काय हाय ते ह्या कॅसेटीतच. पर आता ती लावली तर नुसत्या चांदण्या दिसत्यात.”

“नाव काय त्यांचं?”

“चंद्राबाई.”

कॅसेट तीन तासांची होती. हळदीपासून पाठवणीपर्यंत परवीनने ती नीट बघितली. चंद्राबाई बऱ्याच ठिकाणी होत्या, पण पाठमोऱ्या, नाहीतर पदराआड. समोरून चेहरा दिसत होता तो फक्त पाठवणीच्या वेळी, मोजून सहा सेकंद. आणि तेवढ्यातच चारी बाजूंनी मिक्सिंगमध्ये घातलेल्या गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. त्या पाकळ्यांच्या मधल्या भोकात रुपयाएवढा चेहरा. परवीनने त्याला सगळे फिल्टर लावले, शेवटी चेहऱ्याचाही लावला. नाकीडोळी नीटस, तुकतुकीत बाई पडद्यावर आली. परवीन समाधानाने उठली.

सुभेदार आठवड्याने आले. तिने सुरू करून दिलं. सहा सेकंद गेले. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “ही कोन?”

“तुमची आई.”

“न्हाई.” आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते परवीनला जास्त लागलं. “भाभी, तुमी राबलाय, ते दिसतंय. पर आमच्या आईला लहानपनी देवी आलेल्या. तोंडभर वण हुते. गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर सुदीक. मी पोर असताना तिच्या मांडीवर पडून त्यात बोटं घालायचो, आन ती म्हनायची, मोज, किती भरत्यात. ही बाई गुळगुळीत हाय. टीव्हीवरच्या शिरेलीतली वाटतीया.”

परवीनने चित्र थांबवलं. सुभेदारांनीच धीर दिला, “ऱ्हाऊ द्या. जुनं झालंय ते. हुईल तेवढं हुईल.” कॅसेट तिथेच ठेवून ते जिना उतरले.

त्या दुपारी परवीन जेवली नाही. तिने सगळे फिल्टर काढून टाकले आणि मूळ सहा सेकंद एकेक चित्र करून बघायला लागली. एका सेकंदाला पंचवीस चित्रं. बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की ठिपके दोन जातीचे आहेत. काही ठिपके या चित्रात इथे, पुढच्या चित्रात भलतीकडेच. ती टेपची घाण. पण काही ठिपके चंद्राबाईंनी मान वळवली की मानेबरोबर वळत होते, ओठ हलला की गालाबरोबर हलत होते. ते त्यांचे होते. फिल्टरला या दोहोंतला फरक कळला नव्हता, आणि तिने तो बघायची तसदी घेतली नव्हती.

पण एवढं कळूनही उपयोग नव्हता. पाकळ्यांच्या आतला चेहरा इतका लहान होता, की घाण कमी केली तर वणही जायचे.

संध्याकाळी कुतुबुद्दीन गाळा बंद करून वर आला. ती म्हणाली, “ह्या पाकळ्या मी टाकल्यात.”

“तवा सगळ्यांनाच पायजे असायच्या. लोकच मागायचे.”

“लोकांनी पाकळ्या मागितल्या. त्या कुठं टाकायच्या ते मी ठरवलं.” तिने पडद्यावरच्या पाकळ्यांवर बोट ठेवलं. “मला आठवतंय. मी एकवीस वर्षांची हुते. ही बाई समोर आली आणि मला वाटलं, एवढे वण, एवढ्या जवळनं, बरं दिसायचं न्हाई. झाकून टाकू. म्हणून पाकळ्या.”

कुतुबुद्दीन पाणी प्यायला, त्याने तांब्या खाली ठेवला. “कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट मिळाली तर?”

“ती कुठली राहायला? एकेका कॅसेटवर तीन तीन लग्नं काढायचासा तुम्ही.”

“काढायचो. पर दरवेळी शेवटपातूर थोडीच भरायची?”

परवीनने त्याच्याकडे बघितलं. म्हणजे एखाद्या कॅसेटवर नंतरचं काही कमी वेळाचं काढलं असेल, तर त्याच्या पुढे जुनं शिल्लक असणार. दोघांनी माळ्यावरच्या दोन ट्रंका खाली काढल्या. कॅसेटींवर कुतुबुद्दीनच्या अक्षरात चिठ्ठ्या, आणि चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली. परवीनने ओल्या फडक्याने वरची चिठ्ठी भिजवून सोडवायची आणि खालचं नाव वाचायचं असा सपाटा लावला. मुलाण्यांची शादी, त्याखाली कुणाचं बारसं, त्याखाली साखर कारखान्याचं मोळीपूजन. तीन दिवस हेच चाललं. रोजच्या स्वयंपाकात या दिवसांत खिचडीच होती, आणि कुतुबुद्दीनने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

चौथ्या दिवशी ‘शिराळा नागपंचमी ९४’ लिहिलेली चिठ्ठी निघाली आणि खालून पुसट शाई दिसली. ‘अंजना पाटील – पाठवणी’.

“आवं, या लवकर!” तिने जिन्यातून हाक मारली.

कॅसेट उघडली तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. अशी फीत मशीनमध्ये घातली तर तुटायची. कुतुबुद्दीनने गाळ्यावर ‘दोन दिवस बंद’ असा कागद लावला. खिडकीपाशी बसून, मऊ कापडाला स्पिरिट लावून, चकती हाताने फिरवत तो वीतवीतभर फीत पुसत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, “एकदाच चालवू. दुसऱ्यांदा चालंल का न्हाई, सांगता येत न्हाई. तुझं तयार ठेव.”

तिने कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी शिराळ्याची मिरवणूक आली, बैलगाड्या, ढोल, गर्दीतली डोकी. चाळीस मिनिटांनी मिरवणूक तुटली. मग नुसती खरखर. दोघंही पडद्याकडे बघत होते. आणि एकदम मांडव आला, भर उन्हातला, आणि मांडवाच्या तोंडाशी जीप.

नऊ मिनिटं शिल्लक होती. त्यातलं जवळजवळ एक मिनिट चंद्राबाईंचं. लेकीची ट्रंक जीपमध्ये नीट बसली का ते बघून त्या वळल्या आणि थेट कॅमेऱ्यावर आल्या. पदर खांद्यावरच होता, दोन्ही हातांत पिशव्या, ओढायला हात रिकामे नव्हते. तोंडावर ऊन होतं आणि वण दिसत होते. त्या कॅमेऱ्यामागच्या माणसावर खेकसल्या, “आरं ए कॅमेरावाल्या! सकाळधरनं त्यो डबा खांद्यावर घिऊन फिरतोयस. जेवलास का न्हाई?”

मागून तरण्या कुतुबुद्दीनचा आवाज आला, “जेवतो की मावशी, एवढं झालं की.”

“झालं की कवा? गाडी गेल्यावर पंगत उठंल. जा आदी. माझं काय काढत बसलायस, माझ्यात काय बघन्यासारखं हाय?” आणि त्या हसल्या. हसताना वणांसकट सगळा चेहरा उजळला.

फीत संपली. कुतुबुद्दीन स्टुलावर बसून राहिला. “मला आठवंना झालंय परवीन, मी जेवलो का न्हाई ते,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “न्हाई, जेवलो. बुंदी हुती, वांग्याची भाजी हुती. ह्याच वाढत हुत्या.”

पुढचे दहा दिवस परवीनने त्या एका मिनिटावर घालवले. रेघा घालवल्या. ठिपक्यांचा फिल्टर अगदी हलका ठेवला, आणि दर थोड्या चित्रांनी थांबून, वण जागेवर आहेत ना ते मूळ चित्राशी ताडून बघितलं. एका ठिकाणी नाकाच्या शेंड्यावरचा वण गेला, तर तिने तेवढा भाग मागे घेऊन पुन्हा केला. लुगड्याचा रंग विटून तपकिरी झाला होता, तो जांभळा की अंजिरी हे तिला कळेना, म्हणून तिने सुभेदारांना फोन केला. ते म्हणाले, “अंजनाला इचारून सांगतो.” दहा मिनिटांत उत्तर आलं, अंजिरी. चेहऱ्याचा फिल्टर तिने लावलाच नाही. आवाजातली मशीनची घरघर कमी केली, पण जीपचा आवाज, बँडवाल्यांची गडबड आणि कुठेतरी ओरडणारी शेळी तशीच ठेवली.

सुभेदार आले ते बहिणीला घेऊन. अंजनाताई आता पन्नाशीच्या, आईपेक्षा उंच. परवीनने दोघांना खुर्च्या दिल्या. पण सुरू करण्याआधी ती म्हणाली, “सुभेदार, एक सांगायचंय. पहिल्या कॅसेटीत तुमच्या आईवर पाकळ्या होत्या, त्या मी टाकल्या होत्या. वण झाकायला. तवा मला अक्कल नव्हती. मला माफ करा.”

लालासाहेबांनी तिच्याकडे जरा नवलाने बघितलं. “आवं, ती सोताच जल्मभर पदर वढत आली. तुमी तिचंच ऐकलं म्हना. लावा आता.”

तिने सुरू केलं. मांडव, जीप, ट्रंक. चंद्राबाई वळल्या. अंजनाताईंच्या तोंडून “आयो!” एवढंच निघालं. सुभेदार पुढे झुकले. पडद्यावरून “जेवलास का न्हाई?” आलं आणि ताठ पाठीचा तो माणूस मोठ्याने, पोटापासून हसला. डोळे पुसत हसला.

“हीच. हीच आमची आई. कुनाच्याबी दारात गेली तरी पयलं हेच इचारायची. पोस्टमनला इचारायची, तलाठ्याला इचारायची.”

“वसुलीला आलेल्या सायबालाबी जेवू घातलं हुतं,” अंजनाताई म्हणाल्या, “आन मग त्येलाच भांडली हुती.”

“कुतुबभाई, मग जेवलासा का न्हाई त्या दिशी?” सुभेदारांनी दारात उभ्या कुतुबुद्दीनला विचारलं.

“पोटभर.”

त्यांनी ते सात वेळा बघितलं. चौथ्या वेळी अंजनाताई उठून पडद्याजवळ गेल्या आणि गालावरचे वण बोटाने मोजायला लागल्या. “दादा, तू किती मोजले हुतेस रं?”

“दरवेळी येगळे भरायचे,” सुभेदार म्हणाले.

जाताना त्यांनी त्यातलंच एक हसरं चित्र कागदावर काढून मागितलं. महिन्याभरात ते त्यांच्या सोप्यात मोठ्या चौकटीत लागलं. लालासाहेबांची मुलगी अंकिता ते परवीनला मोबाइलवर पाठवून म्हणाली, आजीला आम्ही पहिल्यांदा बघितलं, आणि माझी हनुवटी तिचीच आहे हे मला आत्ता कळलं.

तेव्हापासून परवीनभाभी कोणतंही काम घेताना माणसाला समोर बसवतात. आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी दाखवतात आणि विचारतात, “हे तुमचंच माणूस हाय ना? नीट बघा.” कुणी तीळ राहिलाय का बघतं, कुणी काकांची वाकडी भुवई. एखादी बाई मात्र स्पष्ट सांगते, “भाभी, मला बाई गोरं आन गुळगुळीतच करा, लग्न माझं हाय.” त्यालाही त्या नाही म्हणत नाहीत. चेहरा जिचा, मर्जी तिची.

काम आता शिराळा, इस्लामपूर, अगदी कराडवरूनही येतं. रुक्सार म्हणते, पुण्याला या, इथे मोठं दुकान चालेल. परवीन म्हणते, “तिथं माझ्या ओळखीचं कोण हाय? इथं निम्मी लग्नं मीच जोडलेली हायत. कुणाची आत्या कुठं रुसून बसली हुती ते मला पाठ हाय.”

एकच अडचण. व्हीसीआर म्हातारे झालेत. त्यांचे भाग मिळत नाहीत, म्हणून कुणाकडे जुनं मशीन आहे असं कळलं की नवरा-बायको गाडी काढून निघतात. परवा सांगलीत खणभागातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी एक निघालं. वापर नसलेलं, वर विणलेला रुमाल घातलेलं. व्यापाऱ्याच्या आईने ते देताना हात फिरवला. परवीनने त्यांना कॅसेटी आहेत का विचारलं, तर म्हातारीने पलंगाखालून पिशवी ओढली. मशीनबरोबर नऊ कॅसेटींचं कामही मिळालं.

परतताना कुतुबुद्दीनने गाडी कृष्णेच्या घाटाकडे वळवली. व्हीसीआर परवीनच्या मांडीवर, पिशवी हँडलला. पायरीवर बसून दोघांनी भडंग खाल्लं. नदी भरून शांत वाहत होती, पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं.

“एवढ्या कॅसेटी झाल्या की आपण कुठंतरी फिरायला जाऊ,” कुतुबुद्दीन म्हणाला.

“कुठं?”

“महाबळेश्वर. लग्नानंतर जायचं राहिलंच.”

“जाऊ की,” ती म्हणाली. “पण शूटिंग मी करणार. तुमचा हात आता लय हलतो.”

त्याने भडंगाची पुडी तिच्यापुढे धरली आणि शेंगदाणे तेवढे स्वतः वेचून घेतले.